डीमनचे रेइस एफेंदी

आयुष्यातला पहिला राजनैतिक खलिता मी वाचला तो फ्रिजवर. विषय होता दूध.

नेदरलँड्समधल्या डीमन गावच्या त्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन मला तीनच दिवस झाले होते. सकाळी चहा करायला गेलो, तर फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक मोठा कागद. वरचा अर्धा भाग कोरा. खाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष. दारातील उजवीकडील दुधाचे खोके आमचे असावे, अशी आमची अल्पमतीनुसार समजूत आहे. ते कालपासून किंचित हलके भासते. आपणांस विदित असावे, एवढाच हेतू. आज्ञा होईल तसे वर्तू. बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा.'

दूध मी घेतलं होतं. चहापुरतं. खलिता लिहिणारे गृहस्थ त्या वेळी माझ्यापासून चार पावलांवर टेबलाशी बसून टोस्टला लोणी लावत होते. मी तोंडानं म्हणालो, "सॉरी सर, आज नवीन आणतो." त्यांनी वर पाहिलं नाही. मी पुन्हा म्हणालो. त्यांनी टोस्ट उलटा करून दुसऱ्या बाजूला लोणी लावलं. शेवटी मी पेन काढून तेच वाक्य कागदाच्या कोऱ्या भागात लिहिलं. तेव्हा कुठे ते उठले, कागद काढून वाचला, माझ्याकडे बघून प्रसन्न हसले आणि म्हणाले, "ये, बस. चहा कर आपल्या दोघांना. दूध माझंच घाल."

वरचा अर्धा कागद कोरा का, असं मी विचारलं. "ती हुकमाची जागा," ते म्हणाले. "अर्ज करणाऱ्यानं खाली लिहायचं. वर सुलतानाच्या शेऱ्याला जागा सोडायची."

"म्हणजे दुधाच्या बाबतीत मी सुलतान?"

"कागदापुरता," सर म्हणाले, आणि कागदाला भोकं पाडून त्यांनी तो एका हिरव्या फाइलीत लावला.

त्यांना सगळे सर म्हणत. कुणाचे सर, ते मला कधी कळलं नाही. मूळचे मिरजेचे, वय चौपन्न, लग्न केलेलं नाही. "प्रस्ताव आले होते, विचाराधीन राहिले," एवढंच ते त्याविषयी सांगत. बारा-तेरा वर्षांपूर्वी तुर्कस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांचा आणि त्यांच्या कचेरीचा इतिहास लिहायला म्हणून ते नेदरलँड्सला आले, आणि त्या कचेरीतून पुन्हा बाहेर पडलेच नाहीत. शिष्यवृत्ती संपली. मार्गदर्शक निवृत्त झाले. त्यांच्या जागी बाई आल्या. जगात तुर्की प्रजासत्ताक म्हातारं व्हायला आलं, पण सरांच्या प्रबंधात अजून सुलतानच गादीवर होता. पोटापाण्यासाठी ते जुन्या कागदपत्रांच्या याद्या करण्याचं काम करत, आणि लॉकडाउनमध्ये तेही घरूनच होतं. मीही घरूनच. माझं ऑफिस हूफडॉर्पला होतं म्हणे. मी ते आतून तीन आठवडे पाहिलं आणि मग दीड वर्ष नाही.

तेव्हा मार्चपासून आम्ही दोन पुरुष, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि सुमारे दोनशे वर्षांचे तुर्की परराष्ट्रमंत्री असे एकत्र कोंडले गेलो.

सरांचा मुख्य सिद्धान्त मला पहिल्याच आठवड्यात पाठ झाला. तो असा की परराष्ट्रमंत्री हा मुळात कारकून. सुलतानाकडे परराष्ट्रमंत्री म्हणून कुणी नव्हताच. होता तो कचेरीतल्या लेखनिकांचा मुख्य. परदेशातून पत्र आलं की उत्तर लिहायचं कुणी, तर ज्याचं अक्षर चांगलं त्यानं. उत्तर लिहिता लिहिता तो वाटाघाटी करायला लागला, वाटाघाटी करता करता मंत्री झाला. लोक त्याला रेइस एफेंदी म्हणत. "आपल्याकडे तरी काय वेगळं?" सर विचारत. "अष्टप्रधानांत परराष्ट्र कोण बघायचा? डबीर. आणि डबीर म्हणजे फारसीत कोण? लेखनिक! अरे, राज्यं तलवारीनं मिळतात, पण टिकतात मायन्यावर." हे सांगताना ते कोरड्या डाळीत चमचा ढवळत असत, कारण पाणी घालायचं राहिलेलं असे.

त्या रेइस एफेंदींचं पूर्ण पद होतं रेइस-उल-कुत्ताब. कातिब म्हणजे लेखनिक, कुत्ताब हे त्याचं अनेकवचन. पण भिंत पातळ होती, आणि माझ्या सकाळच्या मीटिंगमध्ये लखनौचा एक सहकारी असे. त्यानं एकदा मधेच विचारलं, "भाई, तेरे पीछे कोई किसी कुत्ते की बात कर रहा है?" तेव्हापासून रोज मीटिंग संपताना तो विचारायचा, "वो कुत्तेवाले अंकल ठीक हैं?" मी हे सरांना सांगितलं, तर त्यांना मुळीच राग आला नाही. म्हणाले, "उत्तर प्रदेशशी संबंध प्रस्थापित झाले म्हणायचे."

मंत्र्यांची नावं मी कधीच लक्षात ठेवली नाहीत. पण सर त्यांच्याविषयी इतक्या आपलेपणानं बोलत की मला ते मिरजेतले त्यांचे काका-मामा वाटायचे. "आमच्यातला एक तर चारदा आला आणि चारदा गेला." "आमच्याकडे ग्रीक दुभाषे होते, पिढ्यान्‌पिढ्या. पुढे ग्रीकांनी बंड केलं आणि एका दुभाष्याचं मुंडकं गेलं. मग लक्षात आलं की आता फ्रेंच येणारा घरचा माणूसच नाही. मग काढली भाषांतराची कचेरी. आणि त्या खोलीत क्रियापदं घोकणारी पोरं पुढे मंत्री झाली, बोल!" "राजधानी अंकाऱ्याला नेली तेव्हा परदेशी वकील इस्तंबूल सोडायला तयार होईनात. हवा मानवत नाही म्हणायचे." अंकारा हा शब्द उच्चारला की ते जरा गप्प होत. तिथपर्यंत त्यांचा प्रबंध पोचलेला नव्हता, त्यामुळे तिथे काय चाललंय यावर मत देणं त्यांना प्रशस्त वाटत नसे.

करोनाचं त्यांना काहीच वाटलं नाही. दीड मीटर अंतराचा नियम आला तेव्हा ते म्हणाले, "उत्तम. आमच्याकडे परदेशी वकिलाला सुलतानापुढे नेताना दोन्ही बाजूंनी दोघे दंड धरत. मोकळ्या हाताचा माणूस काय करील, नेम नसतो." तेव्हापासून स्वयंपाकघराच्या दारात आम्ही समोरासमोर आलो की ते दोन पावलं मागे सरत, उजवा हात छातीवर ठेवत आणि मला वाट देत. मीही द्यायचो. मग दोघंही उभे. एकदा तर दूध उतू गेलं.

डच लोकांशी मात्र त्यांचं जमत नसे. त्यांच्या मार्गदर्शक बाईंचा महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल असे. मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. बाई विचारायच्या, "दुसरं प्रकरण झालं का? हो की नाही?" डच माणसाला हो आणि नाही यांच्या मधे काही असतं, हे ठाऊकच नसतं. सर म्हणायचे, "त्या प्रकरणाबाबत वातावरण अनुकूल आहे." मग बाई म्हणायच्या, "म्हणजे नाही." सर बाहेर येत ते घामाघूम होऊन, पण चेहरा हसरा. "वाटाघाटी चांगल्या झाल्या," असं मला सांगत आणि चहा टाकत. तळमजल्यावरच्या डच आजींनी एकदा दारातच सांगितलं की, तुमची सायकल माझ्या सायकलीच्या आड येते, काढा. सरांनी चार दिवस घालवून तीन पानी उत्तर लिहिलं. सायकल मी काढली.

हे सगळं मी इतक्या वेळा सांगून लोकांना हसवलंय की आता ते आपसूक तोंडातून येतं. पुढचं मी कुणाला सांगत नाही.

मी एकटा पुढे आलो होतो. बायको आणि मुलगी दोन महिन्यांनी येणार होत्या. मनू तेव्हा आठ महिन्यांची होती. मग जग बंद झालं. व्हिसाची कचेरी बंद, विमानं बंद. उघडलं असं वाटलं की पुन्हा बंद. दीड वर्ष मी मुलीला फोनच्या काचेत पाहिलं. ती बोलायला लागली आणि मला नाही, फोनला बाबा म्हणायला लागली. पुण्यात नुसता फोन टेबलावर पडलेला असला, तरी त्याच्याकडे बोट दाखवून 'बाबा' म्हणायची. बायको हे हसत हसत सांगायची. मी कॅमेरा बंद करून बसायचो.

शेवटी विमानं सुरू होण्याची चिन्हं दिसू लागली. बायको-मुलीचे कागद तयार होते. अडचण उरली होती घराची. इथे आल्यावर माणसाचं नाव पालिकेत, म्हणजे खेमेन्टेत, त्या पत्त्यावर नोंदवावं लागतं, आणि त्याला घरमालकाची लेखी संमती लागते. दुसरं घर शोधायला मी पाच महिने घालवले होते. घरं पाहायलाच मिळत नव्हती.

घरमालक होते तुर्की. साठीचे, जाडजूड, डीमनमध्येच त्यांचं भाजीचं दुकान होतं. त्यांचे वडील कारखान्यात कामाला म्हणून अनातोलियाच्या खेड्यातून आले, तेव्हा हे पाच वर्षांचे होते. त्यांना सगळे आबी म्हणत. तुर्कीत मोठ्या भावाला आबी म्हणतात. मी दुकानात जाऊन त्यांना सरळ इंग्रजीत विचारलं. आबींनी टोमॅटो तोलता तोलता मान हलवली. "दोन खोल्या, दोन माणसं. खेमेन्टे चार माणसं लिहून घेणार नाही. नाही जमणार, भाऊ."

घरी येऊन मी हे सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"तू थेट विचारलंस?"

"हो."

"पहिल्याच भेटीत? टोमॅटोच्या रांगेत?"

"सर, मग कुठे विचारणार?"

"झालं. दार बंद करून आलास." ते येरझारा घालू लागले. दोनशे वर्षांच्या कचेरीला एकदाचं काम मिळालं होतं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला भीतीच वाटली. "आता तू काही बोलू नकोस. मी लिहितो."

आबींशी सर तुर्कीतच बोलत. पण सर तुर्की शिकले होते ते कागदांवरून, आणि सर्वांत ताजा कागद होता शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा. आबी मला एकदा म्हणाले होते, "तुझे सर बोलतात त्यातला चौथा हिस्सा मला कळतो. माझ्या खापरपणजोबांकडे सारा वसूल करायला कुणी येत असेल, तर तो असं बोलत असेल." त्यामुळे सर तुर्कीत बोलायचे, आबी डचमध्ये उत्तर द्यायचे, आणि दोघंही खूश असायचे.

पत्राला नऊ दिवस लागले. बायको रोज विचारायची, "विचारलंस का मालकांना?"

"सर पत्र लिहितायत."

"तू स्वतः का बोलत नाहीस? तिकिटं बुक करायचीयत, अरे!"

"सर म्हणतात, घाई केली की मामला बिघडतो."

"सरांना मुलगी आहे का?"

दहाव्या दिवशी सरांनी मला पत्र दाखवलं. जाड कागद, वरचा अर्धा कोरा, खाली उजवीकडून डावीकडे जुन्या तुर्की लिपीत, म्हणजे अरबी अक्षरांत, अकरा ओळी. अक्षर इतकं देखणं की न कळताही बघत राहावं. "वाचतो," म्हणून त्यांनी मराठी करून सांगितलं. पहिल्या सहा ओळींत आबींच्या दुकानाचा भाग्यशाली दरबार, त्यांची उदार सावली, त्यांची कीर्ती. मग मी: शेजारच्या दालनात राहणारा सत्शील तरुण, ज्याचं कुटुंब सात समुद्रांपलीकडे विरहात आहे. "आणि मग शेवटचं नेहमीचं," असं म्हणून त्यांनी कागदाची घडी केली.

"पण सर, ही लिपी त्यांना येते का? तुर्कस्ताननं ती सोडून कितीतरी वर्षं झाली."

"औपचारिक पत्र रोमनमध्ये? तू लग्नाला नाइट पँटवर जातोस का?"

सर स्वतः दुकानात जाऊन पत्र देऊन आले. आबींनी ते दोन्ही हातांनी घेतलं, ओठांना लावलं, कपाळाला लावलं. सर हरखून परत आले. "दीड-दोनशे वर्षांत कुणी असं पत्र स्वीकारलं नसेल!" मग तीन आठवडे काहीच नाही. "मौन ही चांगली खूण असते," सर म्हणाले. चौथ्या आठवड्यात मी कांदे आणायला गेलो, आणि मला ते पत्र दिसलं. गल्ल्याच्या मागे, भिंतीवर उंच, सोनेरी चौकटीत. आबींना वाटलं होतं, सरांनी त्यांना एखादी दुआ लिहून दिली. त्यांच्या दृष्टीनं त्या अक्षरात दुसरं काय असणार?

मी हसलो नाही. इतका संताप मला त्या दीड वर्षात कधी आला नव्हता. घरी येऊन सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "उंच जागी लावलं? मग तर मान्यच झालं."

पण पत्र अखेर वाचलं गेलं. आबींची नात युट्रेख्टला शिकत होती. तिनं दुकानात चौकटीचा फोटो काढून आपल्या कुणा प्राध्यापकांना पाठवला, आणि त्यांनी त्याचा डच अनुवाद करून दिला. त्याच दिवशी दुपारी दोनच्या सुमारास आबी जिना चढून आमच्या दारात आले. मास्क हनुवटीवर, हातात छापील कागद, आणि डोळ्यांत पाणी. सर माझ्या मागे उभे होते.

"तुझे सर फार मोठे आहेत," आबी मला म्हणाले. "माझ्या वडिलांच्या गावात अशी माणसं होती. आता नाहीत. बघ, काय लिहिलंय."

मी बघितलं. माझं डच जेमतेम, पण तेवढं मलाही कळलं. अकरा ओळींतून डचमध्ये तीन ओळी उरल्या होत्या. एक: शेजारच्या भाडेकरूला बायको आणि मूल आणायचं आहे. दोन: ही जागा मालकाची आहे. तीन: लिहिणारा आपली खोली सोडून जायला तयार आहे, मालकानं फक्त सांगावं.

"तर मी सांगतो," आबी म्हणाले. "घाई नाही. महिनाअखेरीस. मग तुम्ही तीन माणसं, एक कुटुंब. खेमेन्टेला काही अडचण नाही. मी आजच सही करतो." त्यांनी हात पुढे केला, अंतराची आठवण झाली म्हणून मागे घेतला, छातीवर ठेवला आणि सरांना वाकून नमस्कार केला. सरांनी तसाच नमस्कार केला, आणि त्यांच्या तुर्कीत काहीतरी लांबलचक बोलले. आबींना त्यातलं काही कळलं नाही. ते डोळे पुसत जिना उतरून गेले.

सर स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले. रंग उतरला होता.

"अरे, ते लिहायचंच असतं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"प्रत्येक पत्राच्या शेवटी असतं. हा फकीरखाना आपलाच, दासाला आज्ञा व्हावी, दास उठून जाईल. मंत्री लिहीत, वजीर लिहीत. कुणी उठून जात नसे! पाहुणा 'निघतो आता' म्हणतो, तेव्हा आपण काय म्हणतो? 'छे छे, बसा हो.' त्यानं 'छे छे' म्हणायचं होतं!" मग हळू आवाजात, "मी कुठे जाणार?"

त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. माझं हसणं, माझा राग, सगळं जिरलं.

"सर, तुम्ही सांगा ना त्यांना. आत्ता. ते अजून खालीच असतील."

"लिहिलेल्या पत्राचा अर्थ लिहिणाऱ्यानं सांगायचा नसतो. ते म्हणजे शब्द फिरवणं झालं. सही माझी आहे." ते माझ्याकडे बघत होते. "मधला माणूस लागतो. तू सांग. ही रीत आहे, एवढंच सांग. त्यांना कळेल. भला माणूस आहे."

"सांगतो," मी म्हणालो.

आणि मी गेलो. दुकानाबाहेर फरशीवरच्या पिवळ्या पट्टीवर उभा राहून रांगेत थांबलो. आबींनी मला पाहिलं आणि लांबूनच हाक मारली. गल्ल्याखालून सही केलेला संमतीचा कागद काढून माझ्या हातात दिला. वर जर्दाळूंची एक मोठी पुडी. "तुझ्या मुलीला. आमच्या गावाकडचे आहेत." मी तोंड उघडलं. कागदावर माझा पत्ता होता, माझं नाव होतं, बायकोचं नाव होतं, आणि तिसऱ्या ओळीत मनूचं. मी 'थँक यू, आबी' म्हणालो आणि परत आलो. तेवढाच रस्ता, सहा मिनिटांचा. सहा मिनिटांत मी सगळं जुळवून ठेवलं.

सर तिथेच बसलेले होते.

"सांगितलंस?"

"सांगितलं, सर. रीत आहे म्हणून सांगितलं. पण ते म्हणतात, आता खेमेन्टेत कळवून झालंय. मागे घेता येणार नाही."

"'छे छे' म्हणाले का?"

"नाही, सर."

त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या पुडीकडे गेलं. "हे काय?"

"जर्दाळू. मनूसाठी दिले."

सरांनी एक जर्दाळू उचलला, बोटांत फिरवून बघितला आणि जिथून घेतला होता तिथे नीट ठेवला. "इतकी वर्षं मी ती कागदपत्रं वाचतोय," ते म्हणाले, "पण नकाराबरोबर कुणी फळं पाठवल्याचं एकदाही पाहिलं नाही." ते उठले. "ठीक आहे. दुभाषा आणील ते उत्तर. त्याच्यामागे जाऊन चौकशी करायची नसते, नाहीतर कचेरी चालायची नाही."

मला त्यांनी एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी खोटं बोललो होतो, त्यांना ते कळलं होतं, आणि त्यांना कळल्याचं मला कळलं होतं. तरी संमतीचा कागद मी खिशातच ठेवला. पुन्हा तशी वेळ आली तर काय करीन, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. उत्तर तेच येतं, आणि त्याची मला लाज वाटते.

महिनाअखेरीस सर गेले. युट्रेख्टला कुणा विद्यार्थ्याच्या घरात पोटमाळ्यावरची खोली मिळाली होती, स्वयंपाकघर सहाजणांत. त्यांच्या फाइलींचे एकोणीस खोके झाले. शेवटच्या दिवशी आबी स्वतः दुकानाची व्हॅन घेऊन आले, एकेक खोका त्यांनीच उचलला आणि सरांना हात लावू दिला नाही. निघताना सरांना आलिंगन द्यायचं त्यांच्या मनात होतं, पण नियम होता, म्हणून दोघं दीड मीटरवर उभे राहून एकमेकांना वाकले. सर मला म्हणाले, "मुलीचं बालपण आता काचेबाहेर बघ." एवढंच. त्यात टोमणा होता का, ते मी अजून शोधतोय.

बायको आणि मनू ऑगस्टमध्ये आल्या. विमानतळावर मनूनं मला ओळखलं नाही. ती माझ्या फोनकडे हात करून रडायला लागली. सरांच्या खोलीत आम्ही तिचा पलंग टाकला. बायकोला मी सांगितलं की सरांनी आपणहून खोली सोडली. पत्रात तसं लिहिलेलंच होतं, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. बायकोला इतकं भरून आलं की तिनं सरांना फोन करून अर्धा तास आभार मानले. सर काय म्हणाले, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर वर्षभरानं युट्रेख्ट स्टेशनवर ते अचानक समोर आले. मास्क गेले होते, गर्दी परतली होती. सर थोडे वाळले होते, काखेत हिरवी फाइल. त्यांनी वाकून मनूला विचारलं, "काय बाळ, शाळेत जातेस का?" तिला मराठी कळतं, पण तिनं उत्तर दिलं डचमध्ये. सरांनी मला विचारलं, "घरी अनुवाद कोण करतं? तू?" आणि हसले. प्रबंधाचं काय, असं मी विचारलं. वातावरण अनुकूल होतं.

बायको पुढे झाली. तिनं स्टेशनवर, चालत्या गर्दीत, खाली वाकून त्यांना नमस्कार केला. "सर, तुमच्यामुळे आम्ही तिघं एकत्र आहोत. एकदा राहायला या ना डीमनला. खरंच या. घर तुमचंच आहे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग तिच्याकडे वळून, उजवा हात छातीवर ठेवून ते म्हणाले, "छे छे."

आणि आपल्या गाडीकडे निघून गेले. आमची गाडी सुटल्यावर बायको म्हणाली, "किती नम्र माणूस आहे ना! आणि तू काय नुसता उभा होतास? तोंडातून एक शब्द काढायला काय झालं होतं तुला?"